बरी न होता दिलेली साक्ष

एका शुक्रवारी संध्याकाळी माझी आई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभूने मला बरं केलं." ती बरी झालेली नव्हती. तिला टीबी होता, औषध अर्ध्यावर आलं होतं, आणि जिना चढून आल्यामुळे ते एवढं वाक्य बोलतानाही तिला मध्ये थांबावं लागलं. तरी टाळ्या वाजल्या, हालेलूया झालं, पेटीवर गाणं सुरू झालं. मी मागे सतरंजीवर बसले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दुसऱ्या दिवसापासून आईने गोळ्या बंद केल्या.

ज्यांना आमच्यातली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा आमच्या मंडळीला नवी मुंबईत स्वतःचं चर्च नव्हतं. वाशीला शांतवनकाकांच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी प्रार्थनासभा भरायची. सभेत ज्याला देवाने काही दिलं असेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची. कुणाला नोकरी लागली, कुणाचं मूल तापातून उठलं. चांगली पद्धत आहे, मी तिच्यातच वाढले. पण त्या शुक्रवारी बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, "आई, विश्वास आहे ना? मग आधी तोंडाने कबूल करा. शरीर मागून येईल." आई आयुष्यात कधी पाळकाला, म्हणजे आमच्या धर्मगुरूला, नाही म्हणाली नव्हती. ती उठली आणि बोलली. प्रचारक रात्रीच्या गाडीने निघून गेले. आई आणि तिचा खोकला माझ्याबरोबर बसने बोनकोड्याला परत आले.

सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि गोळ्या तिच्यापुढे ठेवल्या.

"आता कशाला?" आई म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आजारी होते. काल मी सगळ्यांपुढं काय बोलले, ऐकलंस ना? आज गोळी घेतली तर देवाचं नाव घेऊन खोटं बोलले असं होईल. ते पाप मी करणार नाही."

तिने गोळ्यांची पाकिटं उचलून पिठाच्या डब्यामागे सारली आणि भाकरी थापायला बसली. विषय संपला.

आता थोडं माझ्याविषयी, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल. आम्ही मूळचे नगरकडचे. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहायचे आणि वाहता वाहताच गेले. आमच्या घरात, भावकीत, कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.ए. झाले, टायपिंग शिकले, न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, लपवायचं कारण नाही. वाशीच्या एका रद्दीवाल्याकडे कुणा वारलेल्या पाळकाचं अख्खं कपाट निघालं होतं. त्यात ईश्वरविज्ञानाची पुस्तकं होती, काही मराठी, बरीचशी इंग्रजी. ती मी जमेल तशी उचलून आणली. ऑफिसच्या बसमध्ये जाता-येता वाचायची. इंग्रजी जड होतं, मांडीवर डिक्शनरी असायची. आमच्या ऑफिसात साताऱ्याचे एक जाधव होते. ते रोज विचारायचे, "काय मॅडम, आज कुठल्या देवाशी भांडण?"

"एकच आहे माझा," मी म्हणायचे. "त्याच्याशीच."

ते हसायचे. मी हसत नव्हते. त्या दिवसांत ते अगदी खरं होतं.

कारण मला वाटायचं, एवढं वाचलंय तर आईला समजावणं काय अवघड आहे? देवाच्या तरतुदीवर एक जाडजूड पुस्तक होतं माझ्याकडे. देव जगात काम करतो ते बहुतेक वेळा त्याने घडवलेल्या वस्तूंतून आणि माणसांतून करतो, अशी त्याची मांडणी होती. भाकरी देतो ती शेतातून. बरं करतो ते वैद्याच्या हातून. मी ते प्रकरण आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मी इंग्रजी वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, पुढचं वाक्य. पार घसा सुकेपर्यंत. आई सगळं ऐकून म्हणाली, "छान लिहिलंय." मला वाटलं, जिंकले. मग म्हणाली, "पण त्या पुस्तकवाल्याने साक्ष दिली नव्हती. मी दिलीये."

दुसऱ्या दिवशी मी दुसरं पुस्तक काढलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. देहधारणावरचं, कृपेवरचं. देवाने जर स्वतः मांस आणि रक्त घेतलं, तर शरीराला लागणाऱ्या गोष्टी हलक्या कशा, असं मी तिला विचारलं. एखाद्या वकिलाने घालावेत तसे मुद्दे घातले. आई माझ्या कपाळावरचे केस मागे सारायची आणि म्हणायची, "किती शिकलीस गं तू." मला त्या मायेचाही राग यायचा. मला कौतुक नको होतं, तिने गोळी गिळायला हवी होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी एकटीच जाऊन भेटले. त्या बाई कामाच्या गराड्यात होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मधेच बंद केलं तर तो आजार उलटतो. मग हीच औषधं लागू पडतील की नाही, सांगता येत नाही. तुम्ही शिकलेल्या दिसता, समजवा ना त्यांना." शिकलेल्या! त्या शब्दाचे दवाखान्यापासून स्टँडपर्यंत मला चटके बसत होते.

मग मी शांतवनकाकांकडे गेले. हे काका आमच्या मंडळीचे पंच. बँकेत होते, सज्जन माणूस, वडील गेले तेव्हा धावून आलेले. म्हणून तर जास्त राग होता. काका हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते.

मी म्हटलं, "काका, आईला सांगा, गोळ्या घे म्हणून. तुमचं ती ऐकेल."

"बाळ, तिच्या विश्वासाच्या आड मी कसा येऊ?"

"तिचा खोकला वाढलाय."

"परीक्षा असते ती. डोकं फार वाढलं ना, की विश्वास कमी होतो. तू ती पुस्तकं जरा बाजूला ठेव."

"काका, तुमच्या नाकावर चष्मा आहे. तो कुठल्या विश्वासाने लागला?"

आत स्वयंपाकघरात काकू फिसकन हसल्या आणि लगेच भांड्यांचा आवाज करू लागल्या. काकांचा चेहरा उतरला. "चष्म्याची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

"का वेगळी?"

"हे बघ, बाईमाणसाने मंडळीत शिकवू नये."

"मी मंडळीत नाही, तुमच्या हॉलमध्ये उभी आहे," मी म्हटलं आणि चहा न घेता निघून आले. माझ्या बोलण्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही झालेला नाही.

पण उपयोगही झाला नाही. आईला संध्याकाळचा ताप येऊ लागला. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले, ते तिने दंडात टाचून घेतले आणि मला म्हणाली, "कापड सैल पडलंय." खोकून झालं की ती ओठ पुसून माझ्याकडे बघायची, मी बघितलं का ते बघायला. शुक्रवारी सभेला जायची आणि तिथे खोकला दाबून धरायची. बरी झालेली बाई खोकणार कशी? माझ्या डोळ्यांदेखत माझी आई एका वाक्याला जागण्यासाठी झिजत होती, आणि ते वाक्य मुळात तिचं नव्हतंच.

मी देवावर चिडले. चिडले म्हणजे रुसले नाही, उघड उघड भांडले. स्टोव्ह पेटवताना, बसच्या खिडकीशी, ऑफिसात टाइप करताना मनातल्या मनात. तुझ्या नावाने एक माणूस येतो, तुझ्या नावाने बोलतो, माझ्या आईला मरणाच्या वाटेला लावतो आणि तू गप्प? तुला बोलता येत नाही का? त्या कपाटातल्या एका पुस्तकात विलापावर एक प्रकरण होतं. भक्त देवाला जाब विचारतो तीही प्रार्थनाच, कारण पाठ फिरवलेला माणूस जाब विचारत नाही, असं काहीसं त्यात होतं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "ठीक आहे. पण उत्तर कुठाय?" लिहिताना टोक मोडलं. इतर पुस्तकांवर तर मी जास्तच उखडले होते. दुःखावर शांतपणे लिहिणाऱ्यांची आई हाताच्या अंतरावर खोकत नसणार, असं मला वाटायचं. तरी मी ती वाचत राहिले. का, ते सांगता येत नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं म्हणून असेल.

एका रविवारी दुपारी आमच्या घरमालकीणबाई आल्या. हिरूबाई. बोनकोड्याच्या मूळच्या आगरी. त्यांच्या चाळीतली एक खोली आम्ही भाड्याने घेतलेली. आवाज असा की गल्लीच्या टोकाला बोलल्या तरी आमच्या घरात ऐकू यायचं. त्यांचं आमच्या देवाशी काही देणं-घेणं नव्हतं. गावदेवीच्या पक्क्या भक्त. त्या दिवशी दाराशी चपला काढून त्या थेट आत आल्या आणि आईपुढे बसल्या. हातात ताटली होती. ताटलीत गोळ्या.

"बाय, तुजे देवाला जरा सांग," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी गोल्या दिल्यान परेशरच्या. घेतल्या की उलटी व्हते. पोटान र्‍हातच नाय. गावदेवीला सांगलंय, न तुजे देवाला पन सांगून ठेवतंय. तुमची गानी भिंतीतून आयकतंय मी रोज, चांगला दिसतो तुजा देव."

मी दाराशी पुस्तक घेऊन बसले होते. मला हसूही आलं आणि आईची पंचाईतही कळली. कुणी प्रार्थना मागितली तर आई नाही म्हणत नाही, मग मागणारा कुणीही असो. शिवाय आमच्या घरात एक रीत आहे. उपकारस्तुती केल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, साधा चहासुद्धा नाही. वडील भर बाजारात गोणीवर बसून डोळे मिटायचे, मग भाकरी मोडायचे, हमाल मंडळी चेष्टा करायची तरी. आणि ज्याच्याबद्दल देवाचे आभार मानले ते पुढून सारायचं नाही, हा त्यांचा नियम. आईने तो नियम मोडलेला मी पाहिलेला नाही.

आईने पदर डोक्यावर घेतला, ताटलीवर हात धरला आणि सवयीने सुरू झाली. "हे प्रभू, या गोळ्यांबद्दल तुझे उपकार मानतो. तू दिलेलं हे औषध आहे. माझ्या या बहिणीच्या पोटात ते राहू दे, तिला गुण येऊ दे…" आणि तिथे ती अडखळली. मी मान वर केली. आईचे डोळे मिटलेले होते, पण ओठ थांबले होते. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं. मग घाईघाईने तिने आमेन म्हटलं.

हिरूबाईंनी तिथल्या तिथे तांब्या उचलला आणि गोळी घटाघटा पाण्याबरोबर गिळली. तोंड पुसलं. मग आजूबाजूला बघितलं. "न तुजी?"

"माझी काय?"

"तुज्या गोल्या गो. पोरगी दवाखान्यातून आनते ती काय मना दिसत नाय? हान इकडं, ठेव ये ताटलीन. हात धरलास तं दोगींच्या वर धर."

"मी घेत नाही हल्ली," आई हळू म्हणाली. "मी साक्ष दिली आहे, बरी झाले म्हणून."

"कुटं दिलीस? कोर्टान?"

"नाही, देवापुढं."

हिरूबाईंनी आईकडे नीट बघितलं. तिच्या टाचून घेतलेल्या ब्लाउजकडे, गळ्याजवळच्या खळग्यांकडे. त्यांचा आवाज खाली आला, मी तो तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता. "मंग देव काय पोलीस हाय का गो, तुना पकडाला? त्याला परत सांग, अजून खोकला हाय म्हनून. माजे गोल्यांना तुजा देव चालतो, न तुजे गोल्यांना नाय?"

 बाहेर कुणीतरी नळावर हंडा भरत होतं, त्याचा आवाज बदलत बदलत काठोकाठ आला आणि थांबला. मी पुस्तकात बोट घालून बसले होते. बोलायला माझ्याकडे ढीगभर होतं, पण त्या वेळी तोंड उघडायचं नाही एवढी अक्कल देवानेच दिली असणार, कारण ती माझी नव्हे.

"आण," आई म्हणाली.

मी पिठाच्या डब्यामागून पाकिटं काढली. राग येतच होता. एवढे दिवस मी काय कमी सांगितलं होतं? गोळ्या ताटलीत टाकल्या. आईने पुन्हा हात धरला. या वेळी तिची नेहमीची वाक्यं आली नाहीत. मग ती म्हणाली, "प्रभू, मी अजून बरी नाही." आणि रडायला लागली. आजारात रडली नव्हती, वडील गेले तेव्हाही मला धीर देत होती, ती आता लहान मुलीसारखी रडली. हिरूबाईंनी तिची पाठ चोळली. रडणं ओसरल्यावर आई म्हणाली, "या गोळ्यांबद्दल तुझे उपकार मानते. आमेन." आणि एकेक करून गिळल्या.

पुढचं सोपं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरबाई ओरडल्या, आईवर नाही, माझ्यावर. औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. काही दिवस मध्ये असे गेले की आता उशीर झाला, असंच मला वाटायचं. हिरूबाई रोज ताटली घेऊन यायच्या. गोळ्या पोटात राहायला लागल्या होत्या. "तुजे देवाचा हात बरा हाय," त्या म्हणायच्या, आणि आई म्हणायची, "जेवणानंतर घेतेस ना आता, म्हणून राहतात." दोघी हसायच्या.

त्या रविवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी आई सभेत उठली. मी तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मागे मी बरी झाले म्हणाले होते. मी बरी नाही. औषध चालू केलंय. प्रार्थना करा." आणि बसली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी हालेलूया म्हटलं नाही. शांतवनकाकांनी खाकरून पुढच्या गाण्याचा नंबर सांगितला. त्या शांततेचा मला आला तेवढा राग पूर्वी कधी आला नव्हता. एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये त्या दिवशी खरी साक्ष एकच झाली होती, आणि तिला कुणी आमेन म्हणेना. मग मी म्हटलं, मोठ्याने.

काकांनी माफी मागितली नाही. ते प्रचारक परत आले नाहीत, कुठेतरी आणखी कुणाच्या डोक्यावर हात ठेवत असतील. बऱ्याच दिवसांनी काका मोसंबी घेऊन आमच्या खोलीवर आले, आईच्या उशाशी बसले, इकडचं तिकडचं बोलले. निघताना प्रार्थना केली, त्यात ते म्हणाले, "औषधाला गुण दे." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी आमेन म्हटलं, पण ओठांतल्या ओठांत. त्याहून जास्त माझ्याकडून निघेना.

आई वाचली. वेळ लागला, पण डॉक्टरबाईंनी एक दिवस छातीचा फोटो उजेडावर धरून बघितला आणि म्हणाल्या, "बंद करा आता." त्याला चमत्कार म्हणायचं की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत बसत नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तरतुदीवरचं ते पुस्तक पुन्हा काढलं. देव माणसांतून काम करतो असं लिहिलेलं पान तेच होतं. त्यात एकही अक्षर चुकीचं नव्हतं. मी ते आईला वाचून दाखवलं होतं तेव्हाही बरोबरच होतं. फक्त मी धरून चालले होते की तो माणूस म्हणजे मी. शिकलेली मी, पुस्तकं वाचणारी मी. देवाने माझी कपाटभर पुस्तकं ओलांडून गावदेवीच्या भक्तिणीला ताटली घेऊन पाठवलं, आणि मला दाराशी बसून नुसतं बघायला लावलं. याला जर शरण जाणं म्हणत असतील तर ते फार गोड असतं असं मला कुणी सांगू नये. घशाखाली उतरताना ते कडूच लागलं.

पुस्तकं मी सोडली नाहीत. अजून वाचते, अजून समासात भांडते. देवाशीही भांडते, पण आता एक गोष्ट आधी म्हणून घेते. आईचा जीव माझ्या हातून वाचला नाही, याचा मला अजून राग येतो. पण तो वाचला, आणि वाचवला देवानेच. तेव्हा प्रभू, हा राग घे, आणि त्याच्याबरोबर माझे उपकारही घे. दोन्ही वेगळे करून द्यायला मला जमत नाही.